जेझ्वा, फिल्जान आणि आमच्या घरची बोस्नियन ताई

आमच्या श्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी तांब्याचे एक छोटे भांडे असते. त्याचा दांडा लांब आहे, तळ रुंद आणि गळा अरुंद. त्याला जेझ्वा म्हणतात. बोस्नियातल्या झेनित्सा या पोलादाच्या गावाहून वीस वर्षांची एक मुलगी सप्टेंबर २०२३ मध्ये ओ पेअर म्हणून, म्हणजे घरात राहून मुले सांभाळत भाषा शिकणारी मुलगी म्हणून, आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिने हे भांडे लोकरी मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या अगदी मधोमध ठेवले होते, आणि कपडे कपाटात लावण्याआधी तिने मला शेगडीचा सर्वांत मंद बर्नर कोणता ते विचारून घेतले. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. माझी दोन्ही मुले तिला ताई म्हणत, तेव्हा येथेही ती ताईच राहू दे.

ओळखीतली मराठी कुटुंबे हल्ली मला वारंवार विचारतात की ओ पेअर ठेवणे परवडते का. प्रश्नाचा रोख बहुधा पैशांकडे असतो, आणि तो हिशेब सरळ आहे. आम्ही तिला बोलावले तेव्हाच्या नियमांप्रमाणे महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरो, विम्याचे हप्ते, स्वतंत्र खोली, जेवणखाण, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, वर्षाला चार आठवडे भरपगारी सुटी, आणि हे सारे फार तर बारा महिन्यांसाठी. अर्ज करताना मुलीचे वय २७ च्या आत हवे आणि घरात जर्मन बोलली जात असायला हवी. माझा नवरा जर्मन असल्यामुळे ती अट आपोआप पुरी झाली. मुले सांभाळण्याच्या इतर सोयींशी तुलना केली तर हे स्वस्त पडते, आणि नेमके तेथेच या व्यवस्थेचे दुखणे आहे. ‘ओ पेअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. जी मुलगी तुमच्या मुलांचे डबे भरते आणि जिचे या देशातले राहणे तुमच्याशी केलेल्या कराराला बांधलेले असते, तिच्याशी बरोबरी कसली? म्हणून ‘ती अगदी आमच्या घरचीच आहे’ असे कोणी म्हणाले की मी जरा सावध होते. घरच्या माणसाशी आपण तासांचा हिशेब ठेवत नाही. तिच्याशी तो ठेवायलाच हवा. मी फ्रिजवर तिच्या कामाच्या वेळांचा कागद लावला, तेव्हा नवऱ्याला तो कोरडेपणा वाटला होता, पण तो पाहून आपल्याला हायसे वाटले असे तिने पुढे कधीतरी सांगितले. त्या कागदामुळेच आम्हाला कळू शकले की वेळेबाहेर तिने जे काही दिले ते आपखुशीने दिले. मी पुढे जे लिहिणार आहे ते जवळपास सगळे त्या कागदाबाहेरचे आहे.

त्याआधी माझी एक चूक सांगते. बोस्निया म्हणजे माझ्या लेखी नव्वदच्या दशकात जळगावच्या घरी दूरदर्शनच्या बातम्यांत कानावर पडलेली सारायेवो, सर्ब, शस्त्रसंधी अशी चार नावे होती. पहिल्याच रविवारी, सासूबाई जेवायला आलेल्या असताना, मी तिला फार हळव्या आवाजात विचारले की युद्धात तुमच्या घराचे काय झाले. सासूबाईंनी काटा खाली ठेवला. ती हसली, म्हणाली की युद्ध संपले तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता, आणि माझ्या मुलाच्या ताटलीतला बटाटा कुस्करून देऊ लागली. त्यानंतर टेबलाभोवती जी शांतता पसरली ती माझ्या चांगल्या ओळखीची होती. एवढेच की एरवी मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसलेली असते. जर्मनीत आल्यापासून भल्या भल्या लोकांनी मला पहिल्याच भेटीत जातिव्यवस्थेविषयी आणि ठरवून केलेल्या लग्नांविषयी विचारले आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण त्या क्षणी आपण सुट्टीच्या दिवशी जेवायला आलेली बाई उरत नाही, एका देशाच्या दुखण्याच्या वतीने उत्तर देणारी कोणीतरी होऊन बसतो. त्या रात्री मी ठरवले की आपण होऊन विचारायचे नाही.

बोस्निया आमच्या घरात शिरला तो दुपारच्या कॉफीतून. ही तुर्की कॉफी नव्हे, हे तिने मला बजावले आणि फरक करूनही दाखवला. तुर्की पद्धतीत कॉफी थंड पाण्यात घालून एकत्रच चुलीवर चढवतात. बोस्नियात पाणी वेगळे उकळतात, जेझ्व्यात बारीक दळलेली कॉफी कोरडीच क्षणभर गरम करतात, मग तिच्यावर उकळते पाणी ओतून फेस वर येईपर्यंत पुन्हा आचेवर धरतात. ती ज्यात ओततात तो फिल्जान म्हणजे मुठीत मावणारा बिनकानाचा पेला. साखर ढवळायची नसते; साखरेचा खडा कॉफीत टेकवून दाताखाली धरायचा आणि त्यावरून घोट घ्यायचा. माझे आजोबा गुळाच्या खड्याबरोबर चहा असाच घेत, हे मी तिला सांगितले, तेव्हापासून तिला माझे आजोबा आवडू लागले. त्या कॉफीला वेळेप्रमाणे नावे आहेत. पाहुणा आला की ‘दोचेकुशा’, म्हणजे स्वागताची. गप्पा रंगल्या की ‘रझगोवोरुशा’, म्हणजे बोलण्याची. आणि पाहुण्याने आता उठावे असे वाटू लागले की ‘सिक्तेरुशा’, जिचा अर्थ सभ्य मराठीत ‘निघा आता’ एवढाच सांगता येईल. आपल्याकडे अशा वेळी घड्याळाकडे पाहून ‘बराच उशीर झाला, नाही?’ म्हणावे लागते.

माझा नवरा यंत्राची कॉफी उभ्याउभ्या पितो. ताईला त्याची मनापासून कीव येई. कॉफी कशी, किती वेळ, कोणत्या खिडकीशी बसून प्यावी हा ज्याच्या त्याच्या ‘चेय्फ’चा प्रश्न आहे, असे ती म्हणे, आणि हा शब्द मला इतका ओळखीचा वाटला की मी शोध घेतला. तो अरबीतून तुर्कीमार्गे तिकडे गेलेला आहे, आणि तोच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे ‘कैफ’ होऊन आला. आपण त्याचे नशेत रूपांतर केले. त्यांनी त्याला स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या निवांत सुखाचा अर्थ दिला. मला त्यांचा अर्थ अधिक आवडतो.

तेथून शब्दांचा खेळच सुरू झाला. उस्मानी तुर्कांनी १४६३ मध्ये बोस्निया जिंकला आणि पुढची चार शतके तेथे राज्य केले, त्यामुळे तिच्या स्लाव्ह भाषेत तुर्की, फारसी आणि अरबी शब्द खच्चून भरले आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्याकडे दुसऱ्या वाटेने पोहोचले आहेत. तिचे दुचान म्हणजे दुकान, महाला म्हणजे मोहल्ला, हाबेर म्हणजे खबर, बादेम म्हणजे बदाम, बाश्चा म्हणजे बगीचा. वेळेला ती ‘वाकात’ म्हणे, आणि आमच्या खानदेशात खेड्यापाड्यांत अजून ‘वखत’ म्हणतात. साखरेच्या ‘शेचेर’चा प्रवास तर आपल्या शर्करेपासूनच सुरू झालेला आहे. आणि वांगे! जळगावच्या माणसाने वांग्याविषयी हळवे व्हायचे नाही तर कशाविषयी? वांग्याला बोस्नियात पात्लिजान म्हणतात. भाषेचे अभ्यासक या शब्दाचे मूळ तुर्की, फारसी असे मागे मागे नेत भारतातच आणून सोडतात, आणि आपले ‘वांगे’ही त्याच मुळाचे असल्याचे मानतात.

हे सारे व्यापाऱ्यांबरोबर आणि सैन्यांबरोबर फिरलेले शब्द. खरा धक्का बसला तो नात्यांच्या शब्दांनी, कारण ते कोणी गाठोड्यात बांधून नेलेले नाहीत; ते दोन्ही भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेकडून वारशाने आलेले आहेत. एके दिवशी ती आपल्या आईच्या सासरची हकीकत सांगत होती. जर्मनमध्ये सासरची बरीचशी नाती एका ठरावीक उपसर्गाला माणूस जोडून होतात, त्यामुळे तिचा गोंधळ झाला आणि ती आपल्याच भाषेतले शब्द बोलू लागली. सुनेला ‘स्नाहा’, म्हणजे संस्कृत स्नुषा, आपली सून. नवऱ्याच्या भावाला ‘द्येवेर’, म्हणजे देवर, आपला दीर. सासूला ‘स्वेक्र्वा’, म्हणजे श्वश्रू. मी एकेक शब्द पकडत गेले, आणि मग ती ‘येत्र्वा’ म्हणाली, म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. संस्कृतातली यातृ, आपली जाऊ! जर्मन नवऱ्याला ‘जाऊ’ समजावताना मी आजवर तीन वाक्ये खर्च करीत आले आहे. माझ्या स्वयंपाकघरात बसलेल्या या परक्या मुलीकडे त्यासाठी एक अख्खा शब्द तयार होता, आणि तो माझ्याच शब्दाचा चुलतभाऊ होता. काका आणि मामा हेही तिच्याकडे वेगळे आहेत: बापाचा भाऊ तो अमिजा, आईचा भाऊ तो दाइजा. हे दोन मात्र तुर्कीतून आलेले आहेत आणि बोस्नियातल्या मुसलमान घरांत अधिक चालतात. आजीला तिच्याकडे ‘नाना’ म्हणतात. माझ्या वडिलांना अख्खे घर नाना म्हणते. व्हिडिओ कॉलवर तिने त्यांना पहिल्यांदा नमस्कार केला, तेव्हा ती हसू दाबण्यासाठी टेबलाखाली वाकली होती.

स्वयंपाकाविषयी लिहायला बसले तर ही पोस्ट संपणार नाही, पण पीठ लाटण्याबद्दल लिहायलाच हवे. कणकेचा गोळा पातळ काठीसारख्या लांब लाटण्याने लाटून, मग हाताच्या पालथ्या बाजूंनी ताणत ताणत तिने आमचे सहा जणांचे जेवणाचे टेबल त्या एका ‘युफ्का’ने झाकले. कापडातून दिसावे तसे त्यातून लाकडाचे रेषे दिसत होते. माझ्या आईला खापरावरची पुरणपोळी दोन्ही हातांवर झुलवत मोठी करताना मी लहानपणापासून पाहिले आहे, आणि ते कसब आपल्या मुलखाबाहेर नाही अशी माझी भाबडी समजूत होती. या युफ्कात सारण भरून, गुंडाळून, गोल वळसे देत भाजतात. येथे एक सूचना: सारण खिम्याचे असेल तरच त्याला बुरेक म्हणायचे. चीजचे असेल तर सिर्नित्सा, पालकाचे असेल तर झेल्यानित्सा, बटाट्याचे असेल तर क्रोम्पिरुशा, आणि या सगळ्यांना मिळून पिता. माझ्या नवऱ्याने बेकरीतून आणलेल्या पुडक्याला ‘चीज बुरेक’ म्हटले, तेव्हा त्या शांत मुलीचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. आपल्याकडे मिसळीवरून वाद घालणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शरद ऋतूत तिच्या आईने झेनित्साहून आयव्हारच्या बरण्या धाडल्या. लाल ढोबळ्या मिरच्या निखाऱ्यावर भाजून, साली काढून, तासन्‌तास घोटून केलेला हा पदार्थ म्हणजे हिवाळ्याच्या बेगमीतला मानाचा भाग. त्या दिवसांत गल्लोगल्ली भाजलेल्या मिरच्यांचा वास असतो, असे ती म्हणाली, आणि मला तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्यांचा धूर आठवला. भेंडीची मात्र तिने मला थक्क करणारी गोष्ट सांगितली. बोटाच्या पेराएवढ्या कोवळ्या भेंड्या दोऱ्यात ओवून वाळवलेल्या माळा तेथील बाजारात मिळतात, आणि त्या भिजवून कोंबडीच्या सुपात घालतात. त्या सुपाला बेगोवा चोर्बा, म्हणजे बेगांचे सूप, म्हणतात. एवढे वाळवणांचे आपले राज्य, पण भेंडीची माळ मी आमच्याकडे कधी पाहिली नव्हती.

खटके उडाले नाहीत असे नाही. जर्मन माणूस कडाक्याच्या थंडीत दिवसातून दोनदा घरभरच्या खिडक्या सताड उघडतो, आणि बोस्नियन माणूस समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून वाहणाऱ्या वाऱ्याला, म्हणजे ‘प्रोमाया’ला, यमदूतासारखा भितो. मान धरते, कान दुखतो, पाठ आखडते, सगळे त्यानेच. नवरा खिडकी उघडून वळला की मागे ताईने ती लावलेली असे. शिवाय घरात पायात सपाता हव्यातच, केस ओले असताना बाहेर जायचे नाही, थंड फरशीवर बसायचे नाही. नवऱ्याने मोठ्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिले, पण हे सारे मला माझ्या आजीने आधीच शिकवून ठेवलेले असल्यामुळे मी कोणत्या पक्षात होते हे सांगायला नको.

शेजाराला ते ‘कोम्शिलुक’ म्हणतात, आणि त्यात भिंतीपलीकडे राहण्यापेक्षा पुष्कळ अधिक काही आहे. रमझानच्या शेवटी, बायरामच्या दिवशी, तिने केलेल्या बक्लावाची ताटली खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींना नेऊन दिली. दोन दिवसांनी ती ताटली स्वच्छ धुऊन, आभाराच्या सुंदर कार्डासह आमच्या दाराशी ठेवलेली होती. ताई ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. ‘रिकामी?’ एवढेच ती म्हणाली. मीही मनात तेच म्हटले होते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मी ज्याला बोस्नियन संस्कृती म्हणते आहे ती झेनित्साच्या एका बोस्नियाक, म्हणजे मुसलमान, कामगार कुटुंबाची आहे. तिच्या भाषावर्गात बोस्नियातल्याच बान्या लुका शहराची एक सर्ब मुलगी होती. ती आमच्याकडे कॉफीला येई, दोघी तासन्‌तास न अडखळता बोलत, आणि एक त्या भाषेला बोस्नियन म्हणे, दुसरी सर्बियन. भांडण नको असे वाटले की दोघी ‘नाश येझिक’, आपली भाषा, असे म्हणून सुटका करून घेत. त्या दुसऱ्या मुलीच्या घरी वर्षातून एकदा ‘स्लावा’ असतो. घराण्याच्या संरक्षक संताचा हा दिवस बापाकडून मुलाकडे चालत येतो. कुळधर्म-कुळाचार माहीत असलेल्या कोणालाही तो ऐकताक्षणी समजेल, पण आमच्या ताईला तो परकाच होता. १९९५ च्या डेटन कराराने युद्ध थांबवले आणि देशाचे दोन घटकांत विभाजनही पक्के केले. राष्ट्राध्यक्षपद तीन जणांचे आहे आणि त्याचे प्रमुखपद दर आठ महिन्यांनी फिरते. चलनाचे नाव ‘परिवर्तनीय मार्क’, कारण ते सुरू करताना त्याचे मूल्य जर्मन मार्काला बांधलेले होते. जर्मनीने आपला मार्क सोडून दोन दशके होऊन गेली. बोस्नियात तो नावाने अजून जिवंत आहे, याचे माझ्या नवऱ्याला अतोनात कौतुक वाटते.

मी विचारायचे थांबवले होते, तरी ते आलेच. युफ्का ताणताना एकदा ती सहज बोलून गेली की तिची आई आठ वर्षांची असताना याच श्टुटगार्टच्या परिसरात निर्वासित म्हणून आली होती. युद्धकाळात बोस्नियातून तीन लाखांहून अधिक माणसे जर्मनीत आली, आणि करारानंतर त्यांतल्या बहुतेकांना परत जावे लागले. आई परत गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिची जर्मन तेथेच थांबली.

जुलैत आणखी एकदा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ जुलै हा स्रेब्रेनित्सातील वंशसंहाराच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून घोषित केला होता. १९९५ च्या जुलैत तेथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्या दुपारी तिने नेहमीप्रमाणे कॉफी केली, पण फिल्जान तीन भरले, आणि तिसऱ्याला कोणी हात लावला नाही. लेकीने ते कोणासाठी आहे असे विचारले. तेव्हा तिने आम्हाला आयदा शेहोविच या कलावतीने २००६ मध्ये सुरू केलेल्या स्मारकाविषयी सांगितले. ‘श्तो ते नेमा’, म्हणजे ‘तू का नाहीस?’, असे त्याचे नाव. २०२० पर्यंत दर वर्षी ११ जुलैला एखाद्या शहराच्या चौकात, लोकांनी दिलेले फिल्जान मांडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी ते कॉफीने भरायचे, आणि कोणी प्यायचे नाहीत. बरोबर कॉफी प्यायला आता माणूस उरले नाही, ही तेथल्या बायकांची खंत त्यामागे आहे. २०२० मध्ये हे फिल्जान स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारीला, जेथे त्या माणसांचे दफन झाले आहे तेथे, मांडले गेले. पहिल्या रविवारी मी जो प्रश्न टाकला होता त्याचे उत्तर मला अशा रीतीने दहा महिन्यांनी मिळाले, आणि दहा महिने रोज तिच्याबरोबर कॉफी प्यायल्याशिवाय ते मला कळले असते असे मला वाटत नाही.

करार संपला तेव्हा ऑगस्टमध्ये आम्ही तिला गाडीने झेनित्साला सोडायला गेलो. (आता ती परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी पुन्हा जर्मनीत आली आहे, आणि महिन्यातून एकदा जेझ्वा नीट घासला जातो की नाही हे पाहायला येते.) झेनित्सा मागे टाकून आधी सारायेवोला गेलो, आणि तेथल्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेत काझांजिलुक नावाच्या गल्लीत थांबलो, जेथे दुतर्फा तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडत होत्या. पुण्याची तांबट आळी ज्याने ऐकली आहे त्याला ती गल्ली डोळे मिटूनही ओळखू येईल. झेनित्साला तिच्या आईने आमचे स्वागत अस्खलित श्वाबियन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या, वळणाच्या जर्मनमध्ये केले. चाळीस वर्षांची ती बाई शाळकरी मुलीच्या शब्दांत बोलत होती, मधल्या सुट्टीतले, वर्गातले शब्द. नवऱ्याला त्यावर काय बोलावे सुचेना. वडील पोलाद कारखान्यातले. मी भारतातली हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट करून एकच शब्द उच्चारला: ‘मित्तल’. तो कारखाना २००४ मध्ये मित्तल समूहाने घेतला होता, आणि भारताविषयी त्यांना हीच एक खात्रीची माहिती होती. मला युद्धावरून केलेला माझा प्रश्न आठवला आणि मी मुकाट्याने मान डोलावली.

ताईच्या नानाने, म्हणजे आजीने, आम्हा सर्वांना सपाता दिल्या, खिडकी लावली, आणि तीन दिवस खाऊ घातले. निघताना मी सवयीने मराठीत ‘येतो’ म्हणाले. गाडी सुरू झाली तशी ती म्हातारी लोटा घेऊन रस्त्यावर आली आणि तिने आमच्या चाकांमागे पाणी ओतले. नवऱ्याने आरशात पाहून विचारले की आपण फाटकाशी काही सांडून आलो का, त्या धूत का आहेत? मागच्या सीटवरून लेक म्हणाली की धूत नाहीत, ताईने मला सांगितले आहे, पाणी जसे सहज वाहते तशी वाट सोपी जावी म्हणून ओततात, आणि आता खिडकी लाव बाबा, प्रोमाया येतो आहे.